पोलिसांच्या गावात गुन्हेगारीशास्त्राचा मास्तर

काही वर्षांपूर्वी एका शिक्षणसंस्थेत गुन्हेगारीशास्त्राच्या सहायक प्राध्यापकपदासाठी मुलाखती होत्या. विषयतज्ज्ञ म्हणून मला बोलावलं होतं. माझा विषय समाजशास्त्र. एम.ए.च्या वर्गाला गुन्ह्याच्या समाजशास्त्राचा एक पेपर मी बरीच वर्षं शिकवला, तेवढंच माझं भांडवल. शेजारी दुसरे विषयतज्ज्ञ होते, ते कायद्याचे. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा शिकवायचे. त्या दिवशी त्या खोलीत गुन्हेगारीशास्त्राची पदवी असलेलं एकच माणूस होतं आणि ते टेबलाच्या आमच्या बाजूला नव्हतं.

ती मुलगी बागलाणातली. गुन्हेगारीशास्त्रात एम.ए., त्याच विषयात नेट, म्हणजे प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा. बाकीचे तिघे असे: स्वेच्छानिवृत्ती घेतलेले एक पोलीस अधिकारी, नोकरीत असतानाच एलएल.एम. आणि सेट (नेटसारखीच राज्यपातळीवरची परीक्षा) केलेले; एक तरुण वकील; आणि न्यायवैद्यक (फॉरेन्सिक) रसायनशास्त्रातला एक एम.एस्सी. मुलीला पहिला प्रश्न आला, ‘‘पोस्टमॉर्टेम पाहिलंय का कधी?’’ दुसरा, ‘‘रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल यांत फरक काय?’’ तिने शांतपणे सांगितलं की हा माझा विषय नाही. मी प्रबंध लिहिला तो जामिनावर सुटून आलेल्या कच्च्या, म्हणजे खटला न संपलेल्या, कैद्यांवर, सुटल्यावर त्यांच्या रोजगाराचं काय झालं यावर. अध्यक्ष म्हणाले, ‘‘ते समाजकार्य झालं हो.’’ सगळे हसले. मीही हसलो, हे लिहायला आज बरं वाटत नाही.

निवड कोणाची झाली ते सांगायची गरज नाही. माणूस चांगला होता. वर्ग खच्चून भरायचा. मालेगावची दंगल, इगतपुरीच्या घाटातली लूटमार, एका खुनाचा छडा तुटलेल्या चपलेवरून कसा लागला, हे ते असं सांगायचे की तास संपल्याची घंटा ऐकू येत नसे. दोन वर्षांनी त्यांच्या काही विद्यार्थ्यांशी बोललो. गोष्टी सगळ्यांना पाठ होत्या. ‘‘गुन्हा वाढला की कमी झाला हे आपल्याला कसं कळतं?’’ असं विचारलं, तर उत्तर आलं, ‘‘पोलीस रेकॉर्डवरून.’’ त्यापुढे काहीच नाही.

नाशिकमध्ये आणि आसपासच्या विद्यापीठांमध्ये, महाविद्यालयांमध्ये हा विषय आता ठिकठिकाणी सुरू होईल अशी चिन्हं आहेत. कारण उघड आहे. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ नुसार सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात घटनास्थळी न्यायवैद्यक तज्ज्ञाने जाणं बंधनकारक होणार आहे; राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत दिली आहे. एवढी माणसं लागणार म्हटल्यावर अभ्यासक्रमांची दुकानं लागणारच. त्यात फॉरेन्सिकच्या पाटीवर ‘क्रिमिनॉलॉजी अँड’ असं जोडून दिलं की प्रवेश वाढतात. मग दोन विषयांना मिळून एक पद निघतं, जाहिरातीत ‘संबंधित किंवा समकक्ष विषय’ अशी ओळ येते आणि त्या ओळीतून कोणीही आत येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) नेट परीक्षेत गुन्हेगारीशास्त्राचा क्रमांक ६८ आहे आणि न्यायवैद्यकशास्त्राचा ८२. ज्यांनी परीक्षा आखली त्यांना हे दोन विषय वेगळे आहेत हे ठाऊक आहे. जाहिरात लिहिणाऱ्या कारकुनाला नसेल तर त्याचा दोष नाही. सही करणाऱ्याचा आहे.

रक्ताचा डाग कोणाचा, गोळी कुठल्या नळीतून सुटली, मृत्युपत्रावरची सही खरी की खोटी, हे न्यायवैद्यक सांगतं. कोणतं कृत्य गुन्हा आणि त्याला शिक्षा किती, हे कायदा सांगतो. ते कोणी केलं, हे पोलीस शोधतात. गुन्हेगारीशास्त्र या तिघांच्या पाठीमागे उभं राहून चौकशी करतं: हे कृत्य गुन्हा ठरलं कधी आणि कोणाच्या सोयीने? एकाच्या हातून घडलं की एफआयआर होतो आणि दुसऱ्याच्या हातून घडलं की ‘आपसात मिटवा’, असं का? शिक्षा भोगून आलेल्या माणसाला कोणी कामावर ठेवतं का? आणि फिर्यादी बाईचं पुढे काय झालं? हे प्रश्न विचारायची सवय लावणारा मास्तर हवा असेल, तर तो तसा शोधावा लागेल.

नाशिकच्या बाबतीत हे जास्त निकडीचं आहे, कारण हे पोलिसांचं गाव आहे. त्र्यंबक रस्त्यावर महाराष्ट्र पोलीस अकादमी आहे. राज्यातले उपनिरीक्षक इथेच घडतात. नाशिकरोडला मध्यवर्ती कारागृह आहे. प्रादेशिक न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहे, उंटवाडीला मुलांचं निरीक्षणगृह आहे, शहराला आयुक्तालय आणि जिल्ह्याला वेगळे अधीक्षक. गुन्हेगारीशास्त्राला याहून चांगलं गाव कुठलं, असं कोणीही म्हणेल. मीही म्हणतो. पण याच कारणाने इथे हा विषय पोलिसांच्या ओसरीवर जाऊन बसण्याची भीती सगळ्यात जास्त. पाहुणे व्याख्याते पोलीस, क्षेत्रभेट पोलीस ठाण्याला, प्रमाणपत्र वाटायला पोलीस अधिकारी आणि शिकवायलाही निवृत्त पोलीस. मग तपासणी करायची कोणाची आणि करणार कोण?

उदाहरण देतो. २०२५ च्या दिवाळीच्या आसपास नाशिक पोलिसांनी धरलेले आरोपी कॅमेऱ्यासमोर हात जोडून ‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला’ म्हणताना उभ्या महाराष्ट्राने मोबाइलवर पाहिले. आमच्या सोसायटीतली पोरं क्रिकेट खेळताना बाद झालेल्याकडून तेच वदवून घेत होती. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. चौकाचौकांत वाढदिवसाचे फ्लेक्स लावून तलवारीने केक कापणाऱ्यांची मिजास उतरलेली पाहायला कोणाला आवडणार नाही? पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना मास्तरकीची खोड जागी झाली. याने गुन्हा कमी होतो का? किती दिवस? कुठल्या प्रकारचा? शिक्षा क्रूर असण्यापेक्षा ती चुकणार नाही याची खात्री असणं माणसाला जास्त आवरतं, असं बेकारिया नावाच्या इटालियन विचारवंताने १७६४ मध्ये मांडलं. तिथपासून या शास्त्राची सुरुवात धरतात. मग कॅमेऱ्यासमोरचं हात जोडणं ही खात्री की नुसता तमाशा? शिवाय आरोपी म्हणजे अजून गुन्हेगार न ठरलेला माणूस, ही गोष्ट त्या तीस सेकंदांत कुठे गेली?

उत्तर माझ्याकडे नाही. शोधता मात्र येतं. मोहिमेआधीचे आणि नंतरचे महिने घ्या, शेजारच्या तालुक्यांशी तुलना करा, रुग्णालयांत मारहाणीच्या जखमा घेऊन आलेल्यांच्या नोंदी पाहा, चार वस्त्यांत घरोघर जाऊन विचारा की गेल्या वर्षभरात तुमच्यावर काय बेतलं आणि त्यातलं पोलिसांत किती सांगितलंत. हे शेवटचं सर्वांत मोलाचं. कारण नोंदलेले गुन्हे कमी झाले म्हणजे गुन्हे कमी झाले असतील, किंवा ठाणे अंमलदाराने लिहून घेतले नसतील. वाढले म्हणजे गुन्हेगारी वाढली असेल, किंवा बायका निर्धास्तपणे ठाण्याची पायरी चढू लागल्या असतील. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे आपण वर्तमानपत्रात मथळ्याला वापरतो. पण एका एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असतील तर त्यातला सर्वांत गंभीर तेवढाच मोजायचा, हा त्यांचा नियम किती जणांना माहीत आहे? बलात्कार करून खून केला असेल तर ती घटना ‘बलात्कारासह खून’ या वेगळ्या रकान्यात जाते. बलात्काराच्या रकान्यात ती बाई नसतेच.

तडीपारीचं असंच. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली माणसाला दोन वर्षांपर्यंत हद्दीबाहेर घालवता येतं. नाशिकमधून घालवला तो हवेत विरत नाही; सिन्नरला जातो, नाहीतर संगमनेरला. तिथे तो काय करतो? त्याच्या बायकापोरांचं काय होतं? परत आल्यावर तो निवळलेला असतो की चार नव्या ओळखी घेऊन आलेला? एवढी वर्षं आपण हद्दपाऱ्या काढतो आहोत. गावच्या विद्यापीठातल्या माणसाने याची वही मांडायला नको का?

आता ही वही तीस वर्षं खाकीत काढलेला माणूस मांडेल का? काही मांडतील. मी अशा दोघा-तिघांना ओळखतो की ज्यांना आपल्या खात्याबद्दल माझ्यापेक्षा जास्त शंका आहेत. पण अपवादावर पद भरायचं नसतं. ज्याचे बॅचमेट आजही खुर्चीवर आहेत, ज्याला विद्यार्थ्यांच्या भेटीची परवानगी एका फोनवर मिळते, त्याने त्याच फोनच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्याची तपासणी करावी ही अपेक्षा त्याच्यावरही अन्याय करणारी आहे.

अनुभवाला जागाच नको, असं मात्र मी म्हणत नाही. यूजीसीने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही सोय काढली आहे. पंधरा वर्षांचा कामाचा अनुभव हवा, पदवीची वा शोधनिबंधांची अट नाही, मंजूर पदांना धक्का नाही, जास्तीत जास्त चार वर्षं. मुरलेल्या तपास अधिकाऱ्यासाठी याहून चपखल जागा नाही. त्यांनी यावं, चपलेवरून लागलेल्या छड्याची गोष्ट सांगावी, पंचनामा कसा फसतो ते फळ्यावर लिहून दाखवावं. कारागृहातला जुना अधीक्षक आणावा, तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडलेल्यांवर लक्ष ठेवणारा परिवीक्षा अधिकारी आणावा. पण विभागात नियमित पद एकच असेल तर ते त्या शास्त्रात शिकलेल्याचं असावं. गोष्ट आणि शास्त्र यांत गोष्ट नेहमीच जिंकते. म्हणून शास्त्राला पगारी आणि कायमचा वकील लागतो.

समोरून मुद्दा येतो की असे शिकलेले लोक मिळतात कुठे? मिळतात. सागरच्या विद्यापीठात १९५९ पासून हा विभाग आहे. मद्रास, धारवाड, तिरुनेलवेली इथे विभाग आहेत. आपल्या मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेत १९५० च्या दशकापासून हे शिकवलं जातं. तिथून बाहेर पडलेली माणसं कारागृहांत, बालगृहांत, न्यायालयांच्या आवारात वर्षानुवर्षं काम करताहेत. अडचण मिळण्याची नाही. आपल्या जाहिरातीची भाषा आणि गुणांचं कोष्टक त्यांना दारातच अडवतं.

यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत विद्यापीठांसाठी मुलाखतीला कोणाला बोलवायचं ते ठरवणारं कोष्टक आहे. पीएच.डी.ला ३० गुण, जेआरएफ या संशोधन शिष्यवृत्तीसह नेटला ७, नुसत्या नेटला ५, सेटला ३. प्रत्येक शोधनिबंधाला २, अध्यापनाच्या प्रत्येक वर्षाला २. २०२३ च्या दुरुस्तीने सहायक प्राध्यापकाला पीएच.डी. सक्तीची राहिली नाही हे खरं, पण कोष्टकातले ते ३० गुण गेले कुठे? सहा वर्षं निरीक्षणगृहातल्या मुलांचे सामाजिक तपासणी अहवाल लिहिलेल्या माणसाला या कोष्टकात शून्य. घरी बसून कुठल्याशा नियतकालिकात पैसे भरून पाच लेख छापून आणलेल्याला दहा. रसायनशास्त्रात किंवा कायद्यात हे कसंबसं चालून जात असेल. ज्या विषयाची प्रयोगशाळा म्हणजे तुरुंगाचं फाटक आणि कोर्टाचा व्हरांडा, तिथे हे कोष्टक उलट्या मापाचं आहे. बरं, हे गुण फक्त बोलावण्यापुरते. अंतिम निवड त्या नियमावलीप्रमाणे केवळ मुलाखतीवर. म्हणजे सगळा भार पुन्हा टेबलामागे बसलेल्यांवर. विद्यापीठाच्या निवड समितीत त्या विषयाचे तीन तज्ज्ञ असावेत आणि त्यातले किमान दोन बाहेरचे हजर असल्याशिवाय गणपूर्ती होऊ नये, असं नियमच सांगतात. ‘त्या विषयाचे’ या शब्दांकडे आपण काणाडोळा करतो.

पोलीस-कायदा-फॉरेन्सिक सोडून गुन्हेगारीशास्त्रच का, याचं माझ्या लेखी सर्वांत मोठं कारण वेगळं आहे. या वर्गात बसणारी निम्मी पोरं एमपीएससी करणार असतात. त्यांना फौजदार व्हायचंय. सुरगाण्याचा, पेठचा, चांदवडचा मुलगा या विषयाला नाव घालतो ते पीएसआयच्या परीक्षेला उपयोग होईल म्हणून. त्याला मी नावं ठेवणार नाही. शेती काय देते ते ज्याचं त्याला माहीत. पण एकदा तो अकादमीत गेला की त्याला आज्ञा पाळायला शिकवतील, आणि ते बरोबरच आहे. संशय कोणावर घ्यायचा आणि का, याबद्दल त्याला कोणी प्रश्न विचारला तर तो फक्त या दोन-तीन वर्षांत विचारला जाणार आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न कागदी नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि माणसं जन्मतःच गुन्हेगार ठरवली. कवट्या मोजून ‘जन्मजात गुन्हेगार’ शोधणाऱ्या लोंब्रोसोचा ग्रंथ इटलीत आला तो १८७६ मध्ये. म्हणजे युरोपात ज्या कल्पनेला शास्त्राचा अंगरखा चढायचा होता, तिचा आपल्याकडे आधीच कायदा झाला होता! तारेच्या कुंपणातल्या वसाहती, रोजची हजेरी, गाव सोडायला पास. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा गेला, म्हणून त्या जमाती विमुक्त. पण पारध्यांच्या पालावर आजही रात्री-अपरात्री गाडी जाते ती कुठल्या पुराव्यावर? ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की तुरुंगांच्या नियमपुस्तिकांतून जातीवर आधारलेली कामवाटणी काढून टाका आणि विमुक्त जमातींना सराईत समजणं बंद करा. स्वातंत्र्याला सत्त्याहत्तर वर्षं झाल्यावर! उद्याचा फौजदार आज ज्या वर्गात बसला आहे तिथे हे शिकवणारा कोण? रक्तगट तपासणारा एम.एस्सी. नाही शिकवणार, तो त्याच्या अभ्यासक्रमातच नव्हता. तीस वर्षं ‘रेकॉर्डवरचे’ उचलून आणलेला अधिकारी शिकवेल, पण कुठल्या बाजूने?

उलट बाजूचंही सांगतो. द्राक्षांचा हंगाम आला की दिंडोरी-निफाडकडे दरवर्षी तेच घडतं. बाहेरचा व्यापारी येतो, पहिल्या दोन गाड्यांचे पैसे रोख मोजतो, तिसऱ्या गाडीला चेक देतो, चौथीला ‘पुढच्या आठवड्यात’, आणि मग फोन बंद. शेतकरी ठाण्यात गेला की बऱ्याचदा पहिलं वाक्य ऐकायला मिळतं, ‘‘ही दिवाणी बाब आहे.’’ सायकल चोरली तर फौजदारी, वर्षभराचा बाग चोरला तर दिवाणी. पतसंस्थेत ठेवी बुडवणारा संचालक गावच्या सप्ताहाला पहिल्या रांगेत बसतो. पांढरपेशा गुन्हेगारी हा शब्द सदरलँड या अमेरिकन अभ्यासकाने १९३९ मध्ये रूढ केला तेव्हा त्याला निफाड माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण आपल्या मास्तराला असायला हवं. गुन्हेगार म्हटलं की विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर जो चेहरा उभा राहतो, तो कोणाचा आणि कोणी काढून दिला, इथून पहिला तास सुरू झाला पाहिजे.

तुरुंगाचंही तेच. २०२२ च्या अखेरीस देशाच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यातली ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे खटला न संपलेली. शंभरातली जवळजवळ शहात्तर. ‘शिक्षा झालेल्यांची जागा’ अशी तुरुंगाची जी व्याख्या आपण शाळेत शिकलो ती या आकड्यापुढे टिकत नाही. बागलाणच्या त्या मुलीचा प्रबंध नेमका यांच्यावर होता. ते समाजकार्य झालं म्हणे.

आणि याच मातीत दुसरंही घडलेलं आहे. औंध संस्थानच्या राजाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत काढली, खुनाचे कैदी भिंतीविना ठेवले. खुल्या कारागृहाचा आपल्याकडचा इतका जुना प्रयोग मराठी मुलुखातला; पण त्यावर विद्यार्थ्याला मराठीत धड वीस पानं वाचायला दे म्हटलं तर मास्तर गोंधळतो. नव्या भारतीय न्याय संहितेत सहा गुन्ह्यांना सामाजिक सेवेची शिक्षा आली आहे. पाच हजारांच्या आतली पहिलीच चोरी, माल परत केला असेल तर, दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा, अब्रुनुकसानी वगैरे. उद्या नाशिकच्या कोर्टाने एखाद्याला गोदाघाट झाडायला लावलं तर त्याने काय साधतं आणि काय बिघडतं, हे पाहायला घाट आहे, कोर्ट आहे, २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. पाहणारा तेवढा हवा.

तो पाहणारा तासिका तत्त्वावर मिळणार नाही. हे मी प्राध्यापक संघटनेच्या आवेशात म्हणत नाही, साध्या व्यवहाराचं सांगतो. तासाला अमुक रुपये, सुट्टीत काही नाही, पुढच्या जूनमध्ये पुन्हा मुलाखत. असा माणूस कारागृह प्रशासनाकडे संशोधनाच्या परवानगीचा अर्ज कोणाच्या लेटरहेडवर करणार? परवानगी येईपर्यंत त्याची नेमणूक संपलेली असते. संस्था म्हणतात, नव्या विषयाला सोळा तासांचा कार्यभार भरत नाही, मग पूर्णवेळ पद कसं मागायचं? कार्यभार नाही म्हणून मास्तर नाही आणि मास्तर नाही म्हणून विद्यार्थी फिरकत नाहीत, कार्यभार नाही. हा पेच सोडवण्याचा एक मार्ग आहे: विषय चार महाविद्यालयांनी चार ठिकाणी अर्धवट सुरू करू नये. विद्यापीठाच्या पातळीवर एकच विभाग, दोन पूर्णवेळ माणसं, आणि समाजशास्त्र, कायदा, मानसशास्त्र, समाजकार्य या सगळ्या विद्यार्थ्यांना तो पेपर निवडता यावा. चार संस्थांना आपापल्या माहितीपत्रकात ‘क्रिमिनॉलॉजी’ छापायचं असतं, म्हणून हे होत नाही.

नोकऱ्यांचा प्रश्न पालक विचारतात आणि त्यांनी विचारावा. गुन्हेगारीशास्त्र शिकून ‘क्रिमिनॉलॉजिस्ट’ अशी पाटी लावून बसता येत नाही. परिवीक्षा, बालसंरक्षण, विधी सेवा प्राधिकरणं, पीडितांसाठीच्या संस्था, बँकांमधली फसवणूक-तपासणी, अशा वाटा आहेत, रुंद नाहीत. हे प्रवेशाच्या दिवशी सांगणारा मास्तर मला हवा. टीव्हीवरच्या गुन्हे-मालिकांची पोस्टरं विभागाच्या दारावर लावणारा नको.

मग मुलाखत कशी घ्यावी? माझ्यापुरतं मी हे ठरवलं आहे. पोस्टमॉर्टेमचा प्रश्न बंद. उमेदवाराला गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाचं एक पान द्यावं आणि पंधरा मिनिटांनी विचारावं की हे पान काय सांगत नाही. नावं खोडलेला एक एफआयआर द्यावा आणि तो फिर्यादीच्या, आरोपीच्या आणि लिहून घेणाऱ्या हवालदाराच्या जागेवरून वाचून दाखवायला लावावा. समितीसमोर व्याख्यान नको; दहा खरे विद्यार्थी बसवावेत, त्यातले पाच तरी ग्रामीण भागातले, आणि वीस मिनिटं मराठीत शिकवायला सांगावं. इंग्रजी पारिभाषिक शब्द फेकून वेळ मारून नेणारा तिथे पाच मिनिटांत उघडा पडतो. ‘व्हिक्टिमायझेशन’ म्हणजे गुन्ह्याचा बळी ठरणं, हे कळवणच्या मुलाला कळेपर्यंत सांगता आलं पाहिजे. आणि शेवटचा प्रश्न: तुमच्या अभ्यासातून पोलिसांना न आवडणारा निष्कर्ष निघाला आणि पुढच्या वर्षी विद्यार्थ्यांच्या भेटीची परवानगी नाकारली गेली, तर काय कराल? याला बरोबर उत्तर नाही. पण उमेदवार किती वेळ गप्प बसतो आणि त्या वेळात कोणाकडे पाहतो, ते बघण्यासारखं असतं.

त्या दिवशी बाहेर पडताना बागलाणच्या त्या मुलीने मला जिन्यात गाठलं. वाटलं, निकाल विचारेल. तिने विचारलं, ‘‘सर, तुमच्या इथल्या लायब्ररीत या विषयाची पुस्तकं कुठे ठेवतात?’’ मला माहीत नव्हतं. आम्ही दोघं गेलो. स्पर्धा परीक्षांच्या कपाटात होती; पीएसआयच्या गाइडांच्या मागे सात पुस्तकं, पैकी चार एकाच पुस्तकाच्या प्रती.

परवा पुन्हा एका ठिकाणाहून फोन आला. नवा अभ्यासक्रम, दोन पदं, मुलाखती पुढच्या महिन्यात, ‘‘तुम्ही विषयतज्ज्ञ म्हणून याल ना सर?’’ मी नाही म्हणालो. माझा विषय तो नाही. धारवाडहून, मुंबईहून, तिरुनेलवेलीहून कोणाला तरी बोलवा, असं सांगितलं. पलीकडून आवाज आला, ‘‘सर, त्यांचा प्रवासखर्च बसत नाही हो.’’